बाकड्यापर्यंतचं वायफाय

ऑफिसात वायफाय बसवायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो तो चौरस फुटांचा. एवढे चौरस फूट, म्हणून एवढे डबे. फरशीचा आणि रंगाचा हिशोब असाच करतात आणि तिथं तो बरोबरही असतो. वायफायचं गणित वेगळं आहे. भिंत कशाची आहे, माणूस नेमका कुठं बसतो आणि त्याच्या हातात काय आहे, ह्या तीन गोष्टी कळल्याशिवाय चौरस फुटांना काही अर्थ नाही.

हे डोक्यात घोळायचं कारण म्हणजे देवगाव रंगारीतली एक इमारत. (वेरूळवरून शिऊरकडे निघालं की वाटेत हे गाव लागतं, तालुका कन्नड.) इमारत माझ्या मामांची. पुढच्या दोन खोल्या जुन्या, दगडी, दोन फूट जाडीच्या भिंतींच्या. मागे नंतर बांधलेलं सिमेंटचं ऑफिस, वर नवा हॉल, आणि पुढं पत्र्याची शेड. दगडी खोलीत सेवा केंद्र चालतं. दाखले, सातबारा, केवायसी, पीक विमा. शहरातल्या एका कंत्राटदारानं ह्या सगळ्याला मिळून नऊ ॲक्सेस पॉइंटचं कोटेशन दिलं होतं. मामांनी त्याचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "एवढे लागतेत का रे?"

मी काही नेटवर्कवाला नाही, सॉफ्टवेअरवाला. पण बाहेरच्या जगाला हा फरक मान्य नाही. पंखा दुरुस्त करायलासुद्धा आपल्यालाच बोलावतात. असो.

इमारत रिकामी असताना मोजलेलं वायफाय आणि भरलेली असताना वापरलेलं वायफाय ह्या दोन वेगळ्या गोष्टी असतात, म्हणून दोनदा गेलो. एकदा सुट्टीच्या दिवशी, एकदा कामाच्या. साहित्य फार नव्हतं. एक ॲक्सेस पॉइंट, रंगाऱ्याकडून मागून आणलेला घोडा, वायरीची गुंडाळी, डेसिबल दाखवणारं ॲप टाकलेला जुना फोन आणि आलेखाचा कागद. घोड्यावर डबा ठेवायचा, खोल्याखोल्यांतून फिरायचं आणि आकडे लिहायचे. हे आकडे उणे असतात. उणे ४० म्हणजे उत्तम, उणे ६५ पर्यंत सगळं नीट चालतं, उणे ८० च्या पुढं फोन नुसता आशेवर जगतो. दहा डेसिबल उतरले की ताकद दहापट कमी झाली असं धरायचं.

दगडी भिंतीच्या अलीकडे आकडा होता उणे ४६. पलीकडे गेलो, उणे ६४. एका भिंतीत १८ डेसिबल, म्हणजे ताकदीचा साधारण साठावा हिस्सा उरला. हे २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात. ५ गिगाहर्ट्झवर तोच आकडा उणे ७१ झाला. दुसऱ्या भिंतीपलीकडे ५ चा पत्ताच नव्हता. शेवटी हा आपला काळा बेसाल्ट! ह्याच खडकात वेरूळला कैलास लेणं कोरलंय. तिथं एखाद्या लेण्यात आत आत जाऊन मोबाईलच्या कांड्या मोजून बघा, म्हणजे दगड काय करतो ते कळेल.

लहर जितकी आखूड तितकं तिला अडथळ्यातून जाणं जड. २.४ ची लहर सुमारे साडेबारा सेंटिमीटरची, ५ ची त्याच्या निम्म्याहून कमी. आयआयटी मुंबईनं ग्राममार्ग प्रकल्पात पालघरच्या गावांपर्यंत इंटरनेट नेताना टीव्हीच्या पट्ट्यातल्या मोकळ्या जागा वापरून पाहिल्या त्या ह्याचसाठी. तिथल्या लहरी अर्ध्या मीटरच्या पुढच्या, झाडाझुडपांना फारशा न जुमानणाऱ्या. (ह्या प्रकल्पाला २०१७ मध्ये मोझिलाचं बक्षीसही मिळालं.) पण आपल्या फोनमध्ये तो पट्टा नसतो. त्यामुळं गावात पोचल्यावर शेवटच्या पन्नास फुटांना पुन्हा वायफायच, आणि पुन्हा भिंती.

मग नऊ डबे लावून भिंतींचा प्रश्नच का मिटवू नये? कंत्राटदाराचं म्हणणं तेच होतं. पण २.४ च्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारी चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. वायफायची रीत अशी की बोलायच्या आधी ऐकायचं, आणि त्याच चॅनेलवर दुसरं कुणी बोलत असेल तर गप्प बसायचं. एकाच हॉलमध्ये तीन ग्रामसभा भरवल्या तर काम तिप्पट होत नाही, सगळे एकमेकांचं संपायची वाट बघतात. ५ गिगाहर्ट्झवर जागा भरपूर आहे, भारतात २०१८ मध्ये त्याचा मोठा भाग विनापरवाना वापराला मोकळा झाला. पण ती दगडाच्या ह्या बाजूलाच उपयोगाची.

दुसरा उपाय लोक हमखास सुचवतात तो म्हणजे पॉवर वाढवायची. सप्ताहाचा भोंगा आठवा. महाराजांचं कीर्तन शिवारापर्यंत ऐकू येतं, पण शिवारातून तुम्ही दिलेलं उत्तर महाराजांना ऐकू जात नाही. फोनचा आवाज ॲक्सेस पॉइंटपेक्षा बारीक असतो. डबा मोठ्यानं ओरडला की फोनवर कांड्या पूर्ण दिसतात, आणि पान मात्र उघडत नाही. 'रेंज फुल आहे पण नेट चालत नाही' ही तक्रार बऱ्याचदा इथून जन्माला येते. त्यामुळं डबा माणसाजवळ आणायचा आणि आवाज उलट कमी ठेवायचा.

दुसऱ्या खेपेला गेलो ते दिवस पीक विम्याच्या मुदतीचे होते. शेडमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. माणसाच्या अंगात मुख्यतः पाणी, आणि पाणी ह्या लहरी शोषतं. त्यामुळं शेडच्या टोकाला आकडे पाच-सहा डेसिबलनी खाली आलेले दिसले. हे अपेक्षितच होतं. मी मुद्दाम थांबलो ते काउंटरवर काय अडतं ते बघायला.

केंद्रातला मुलगा लॅपटॉपवर अर्ज भरत होता, अंगठ्याचं मशीन त्यालाच जोडलेलं. लॅपटॉप वायफायवर. जी वस्तू वर्षभर एका टेबलावरून हलत नाही, तिला हवेतून नेट कशाला? राउटर पंधरा फुटांवर होता. त्याच दिवशी केबल ओढली आणि गर्दीतही अंगठे लागायला लागले. माझ्या मते वायफायच्या आराखड्यातलं पहिलं काम हेच, जे जे हलत नाही ते वायफायवरून काढून टाकायचं. उरलेल्यांना आपोआप ऐसपैस होतं.

ह्याच्या पुढचा प्रकार कुठल्याच कोटेशनमध्ये नव्हता. ज्यांचा अंगठा उमटत नाही (शेतात राबलेल्या हातांच्या रेघा झिजतात, हे तिथं रोजचं आहे) त्यांना ओटीपी. एक आजी होत्या, हातात बटणांचा फोन. मुलगा म्हणाला, "आजी, मेसेज आला का बघा." दगडी खोलीत मोबाईलची रेंज कुठली! आजी उठून शेडबाहेर रस्त्यापर्यंत गेल्या, तिथं कुणाकडून तरी आकडे वाचून घेतले, कागदावर लिहून आणले. तोवर पोराने पुढचा अर्ज उघडलेला. पुन्हा आजींचा नंबर लागेपर्यंत ओटीपीची मुदत संपली. नवा मेसेज, पुन्हा रस्ता. तिसऱ्या खेपेला कुणीतरी म्हणालं, "आजी, उद्या या." उद्या या म्हणजे आणखी एक दिवस मजुरी बुडाली आणि एसटीचं तिकीट वर.

ह्या आजींसाठी नऊ काय, नव्वद ॲक्सेस पॉइंट लावले असते तरी काही फरक पडला नसता. त्यांच्या बटणांच्या फोनला वायफाय नव्हतंच. मी आलेखाचा कागद उलटा केला आणि मोबाईल टॉवरची रेंज मोजत फिरलो. खोलीत आतल्या भिंतीशी काही नाही. खिडकीशी बरी. शेडच्या उघड्या बाजूला, पत्र्याच्या कडेजवळ, चांगली. मामांना म्हटलं, "मामा, टेबलच बाहेर काढू."

"ऊन-पाऊस आला मंग?"

"आपण शेडच्या आत, कडेपासून चार फुटांवर घेऊ. पावसाच्या बाजूनं ताडपत्री."

मामांनी टेबलाकडं बघितलं, मग माझ्याकडं. "मंग एवढं इंजिनियर कशाला बोलावलं म्हणायचं, दोन गडी पुरले असते." पण हलवलं. टेबलापुढं बाकडंही ठेवलं, म्हणजे मेसेज येईपर्यंत बसल्या जागी थांबता येतं. त्या बाकड्यावर वायफायचा आकडा आहे उणे ५२, आणि बटणांच्या फोनलाही दोन-तीन कांड्या.

शेवटी डबे लागले तीन. एक शेडमध्ये, पत्र्याखाली पण उघड्या बाजूकडं तोंड करून, कमी पॉवरवर, चॅनेल १. एक मागच्या ऑफिसात, चॅनेल ६. तिसरा वरच्या हॉलसाठी, तिथं मधे भिंती नाहीत म्हणून मुख्यतः ५ गिगाहर्ट्झ. तिन्हींना वीज नेटच्या केबलमधूनच, एका स्विचवरून, आणि तो स्विच इन्व्हर्टरवर. लाईट गेली तरी अर्ज अर्धवट राहायला नको.

तिसरा डबा अजून खोक्यातच आहे. हॉलचं प्लास्टर ओलं आहे, ते सुकलं की बसवू.