साडेबावीस इंच

मराठी माणूस टोपी घालतो ती दुसऱ्याला. फिरवतो ती स्वतःची, आणि उडवतो ती बहुधा गैरहजर माणसाची. माझ्या आईच्या कन्नडमध्ये 'टोपी हाकोदु' म्हणजेही फसवणेच. हिंदीतले 'टोपी पहनाना' तर सर्वांना ठाऊक आहे. तीन भाषांनी मिळून ज्या वस्तूची एवढी बदनामी केली, ती वस्तू स्वतःच्या पैशाने, परगावी जाऊन, आणि तीही चांगल्यापैकी विकत घ्यायची म्हणजे बी.कॉम.च्या विद्यार्थ्याने आपण होऊन तोंडी परीक्षेला बसण्यासारखेच. मी तसा बसलो. त्याला कारण होते.

माझे वडील बेळगावात एका पतसंस्थेची पिग्मी गोळा करतात. ज्यांच्या घरी दुकान आहे त्यांना पिग्मी म्हणजे काय हे सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो. दुकानदार रोज दहा-वीस-पन्नास रुपये बाजूला काढतो, एजंट दारात येऊन ते घेतो आणि पावती देतो. ही कल्पना आपल्याच राज्यातली. उडुपीच्या सिंडिकेट बँकेने १९२८ साली ती सुरू केली. ती बँक २०२० साली कॅनरा बँकेत विलीन झाली, पण पिग्मी मात्र गल्लोगल्ली चालूच आहे, आणि माझे वडील सकाळी दहा ते दुपारी दोन अशी रोज पायी चालतच आहेत.

गेल्या वर्षी त्यांच्या गालांवर आणि कानांच्या पाळ्यांवर लालसर चट्टे उठू लागले. त्वचेच्या डॉक्टरांनी मलम दिले आणि सांगितले, "ऊन टाळा. टाळता येत नसेल तर तीन इंच काठाची टोपी घाला." छत्री शक्य नाही, कारण एका हातात पावतीचे यंत्र आणि दुसऱ्यात पैसे. गांधी टोपीला काठच नाही. क्रिकेटची टोपी नाकापुरती सावली देते, कान उघडेच राहतात. म्हणजे उरली हॅट. बाबा म्हणाले, "लोक माझं तोंड बघून पैसे देतात. पिग्मीवाल्यानं टोपी घातली, असं उद्या बाजारात कुणी म्हटलं तर तू काय उत्तर देणार?" विनोद म्हणून ते हे बोलत नव्हते. गावात एखादी पतसंस्था बुडते तेव्हा लोक आधी एजंटाचे दार ठोठावतात, हे त्यांनी पाहिलेले आहे.

तरी आईने गजऱ्याच्या दोऱ्याने त्यांच्या डोक्याचे माप घेतले. कपाळाच्या मध्यावरून, कानांच्या किंचित वरून, मागच्या उंचवट्यावरून दोरा फिरवला आणि गाठ मारली. "माप घेऊन ठेव, आणू नकोस," एवढी परवानगी मिळाली. फेब्रुवारीत आतेबहिणीच्या लग्नासाठी मी इंदूरला निघालो तेव्हा तो दोरा माझ्या पाकिटात होता, आणि शिकवणीचे साठवलेले दीड हजार रुपये.

इंदूरच्या मराठी घरांत शिरले की बोलण्यात 'भिया' आणि 'अहो' एकाच वेळी ऐकू येते. आतोबांचा जन्म महाराजा तुकोजीराव क्लॉथ मार्केटात खातेवह्या लिहिण्यात गेला. त्यांना मी हेतू सांगताच ते म्हणाले, "टोपीकरांची टोपी घ्यायची आहे तर!" हा शब्द त्यांचा नव्हे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात इंग्रज, वलंदेज वगैरे गोऱ्या व्यापाऱ्यांना टोपीकरच म्हटले आहे, आणि त्यांना समुद्रकाठी जागा देऊ नये असा सल्लाही दिला आहे. सल्ला मानला गेला नाही. पुढे १८१७ च्या डिसेंबरात महिदपूरला होळकरांचा पराभव झाला, १८१८ च्या मंदसौरच्या तहाने उरलेसुरले गेले, आणि होळकरांची राजधानी झाली ती आपले हे इंदूर.

आतोबांनी मोबाइलवर मला दोन चित्रे दाखवली. दोन्ही यशवंतराव होळकर दुसरे यांची, आणि दोन्ही बर्नार बुते द मोंव्हेल या फ्रेंच चित्रकाराने काढलेली. १९२९ च्या चित्रात महाराज विलायती पोशाखात आहेत, काळा झगा खांद्यावर, आणि डोके उघडे. चार-पाच वर्षांनी काढलेल्या दुसऱ्या चित्रात मराठी पोशाख, आणि डोक्यावर पागोटे. "बघ," आतोबा म्हणाले, "साहेब झाल्यावर डोकं उघडं चालतं. मराठा झाल्यावर नाही." मला हे पटले, पण बाबांचा प्रश्न सुटेना. पागोट्यालाही काठ नसतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही राजवाड्याकडे गेलो. पदपथावर एका विक्रेत्याने हॅटांचा ढीगच मांडला होता. "भिया, इम्पोर्टेड है, प्योर फेल्ट, तीनसौ." मी हरखलो. आतोबांनी हॅट हातात घेतली, काठ बोटांनी दुमडून सोडला. दुमड तशीच राहिली. मग त्यांनी ती उन्हात धरली, तेव्हा कापडावर प्लॅस्टिकसारखी चमक दिसली. आत बोट घातले तर पट्टी शिवलेली नव्हती, डिंकाने चिकटवलेली होती. "हा नमदा नाही, दाबलेला पॉलिएस्टर आहे," असे म्हणून ते पुढे चालू लागले. मला त्यांची तऱ्हा आवडली. कापडबाजारात चाळीस वर्षे काढलेला माणूस लेबल वाचतच नाही.

मागच्या गल्लीत लग्नाचे साफे आणि पगड्या भाड्याने देणारे एक जुने दुकान आहे. वरच्या फळीवर सात-आठ हॅटा होत्या. दुकानदार वयस्कर, मराठी समजणारे. मी म्हटले, "एक चांगली हॅट दाखवा." त्यांनी काही दाखवले नाही. विचारले, "डोकं कोणाचं आहे?"

ते डोके बेळगावात आहे, असे सांगून मी दोरा काढला. त्यांनी तो टेपवर ठेवला. साडेबावीस इंच, म्हणजे सत्तावन सेंटिमीटर. मग एक गंमत सांगितली. जुन्या इंग्रजी हॅटांवर सात, सव्वासात असे आकडे असतात, ते घेराला तीन पूर्णांक चौदाने भागून आलेले. शाळेत वर्तुळाचा परीघ घोकताना हा उपयोग कोणी सांगितला असता तर बरे झाले असते! आमचे उत्तर सात पूर्णांक एक अष्टमांश आले. "पण डोकं वर्तुळ नसतं," ते म्हणाले. "लांबट आहे का गोल? लांबट डोक्याला गोल हॅट घातली तर कपाळाला टोचते आणि कानाजवळ फट राहते." मी घरी फोन केला. आईने खुर्चीवर चढून बाबांच्या डोक्याचा वरून फोटो काढला, आणि कन्नडमध्ये जे काही म्हणाली त्याचे भाषांतर मी येथे करीत नाही. डोके लांबट निघाले.

मग हॅटा खाली आल्या. पुढे चिमटा, मध्ये खोलगट, भोवती रिबीन, असा जो घाट त्याला फेडोरा म्हणतात. मला वाटत होते की हे कापडाचे नाव असावे. ते एका नाटकातल्या राजकन्येचे नाव आहे. व्हिक्तोरियाँ सार्दू या फ्रेंच नाटककाराचे 'फेदोरा' १८८२ साली रंगभूमीवर आले, त्यात सारा बर्नहार्टने ही भूमिका केली, आणि तिच्या हॅटेला ते नाव चिकटले. म्हणजे ज्या टोपीला आपण पुरुषी रुबाब समजतो ती आधी बाईच्या डोक्यावर होती. चांगली हॅट सशाच्या किंवा बीव्हरच्या लवेच्या नमद्याची, त्याखालोखाल लोकरीच्या नमद्याची. लवेवर पूर्वी पाऱ्याची प्रक्रिया करीत, आणि ते काम करणाऱ्यांचे हात थरथरत, डोके फिरे. अमेरिकेत हे १९४१ साली थांबले.

एक करड्या रंगाची लोकरी हॅट मी डोक्यावर ठेवली. आरशात पाहिले, आणि खरे सांगतो, ती काढाविशी वाटेना. भगतसिंगांचा दिल्लीत १९२९ साली काढलेला तो सुप्रसिद्ध फोटो कोणाला आठवणार नाही? किंमत चौदाशे. पाकिटात पुरेसे होते. मात्र आतोबा म्हणाले, "भगतसिंगांनी लाहोर सोडताना हॅट घातली ती पोलिसांनी ओळखू नये म्हणून. तुझ्या वडिलांना तर सगळ्यांनी ओळखायला हवं."

त्यांचे म्हणणे खरे होते. शिवाय त्या हॅटेचा काठ अडीच इंचांचाही नव्हता, आणि लोकरीचा नमदा घाम धरतो, भिजला तर आक्रसतो. मार्च-एप्रिलची दुपार आणि लोकर यांचे जमायचे कसे? मी ती खाली ठेवली. दुकानदारांनी ती उचलली नाही, तशीच समोर राहू दिली. व्यापार त्यांनाही कळतो!

मग गवती हॅटा पाहिल्या. यातल्या पुष्कळशा गवताच्या नसतातच. पिळलेल्या कागदाच्या असतात, आणि घामाने किंवा एका सरीने लिबलिबीत होतात. हे दुकानदारांनी स्वतः सांगितले, आणि त्यातली एक बाजूला केली. पनामा म्हणून जी प्रसिद्ध आहे ती पनामाची नव्हे, इक्वेडोरची, हेही सांगितले. तसली त्यांच्याकडे नव्हती, पण ताडपत्रीची घट्ट विणीची एक होती. "ट्यूबलाइटसमोर धरा." मी एकेक धरली. एकीतून चांदण्यासारखे ठिपके दिसले. जिथून उजेड येतो तिथून ऊनही येणार. ताडपत्रीच्या हॅटेतून जवळजवळ काही दिसले नाही. काठ मोजून तीन इंच. आतली पट्टी शिवलेली. रंग फिकट मातकट, रिबीन काळी. रुबाब म्हणाल तर बेताचा.

माप अठ्ठावन्न निघाले. नमदा थोडा सैल होतो, ताडपत्री होत नाही, म्हणून नेमक्या मापापेक्षा एक सेंटिमीटर जास्तच बरे. पट्टीमागे कापडाची घडी घातली की बसते. लांबट डोक्यासाठी त्यांनी दोन्ही बाजूंना घडी घातली, पुढे-मागे नाही. पुढचा काठ जरा वर वळवून दिला, "म्हणजे डोळे दिसतील." साडेनऊशे सांगितले, साडेनऊशेच घेतले. आतोबांनी घासाघीस केली नाही, याचे मला आश्चर्य वाटले. वर तीन सूचना: चिमट्याला धरून उचलू नका, तिथेच आधी फाटते. ठेवताना उलटी ठेवा, काठ वाकडा होत नाही. बंद गाडीत उन्हात सोडू नका.

इंदूर ते पुणे आणि पुणे ते बेळगाव ती उलटीच माझ्या मांडीवर होती. पुण्यापर्यंत एका आजींनी तिच्यात संत्र्याच्या साली टाकू का म्हणून दोनदा विचारले.

बाबांनी दोन दिवस तिच्याकडे पाहिलेही नाही. तिसऱ्या दिवशी घालून गेले. किराणा दुकानदार कन्नडमध्ये म्हणालाच, "काय मालक, कुणाला टोपी?" बाबांनी हॅट काढून काउंटरवर उलटी ठेवली, यंत्रातून पावती काढली, त्याच्या हातात दिली आणि मगच पैसे घेतले. आता प्रत्येक दुकानाच्या पायरीवर ते हॅट काढतात. दुकानात सावलीच असते, त्यामुळे डॉक्टरांचीही हरकत नाही. कानांच्या पाळ्या एप्रिलअखेर बऱ्याच निवळल्या होत्या.

परवा त्यांची हिशेबाची वही पाहिली. घरखर्चाच्या पानावर टोपी नव्हती. ती 'धंदा' या पानावर होती, पावती-रोलांच्या खाली : हॅट १, रु. ९५०. शेजारी माझे नाव, देणे. पैसे घेणार नाही म्हटले तर ते म्हणाले, "ते राहू दे. यावर दरसाल घसारा किती धरायचा ते सांग. तीन वर्षं शिकतोयस ना?"

मी पाच वर्षे टिकेल असे धरून सरळ पद्धतीने वर्षाला एकशे नव्वद सांगितले. त्यांनी पेन्सिलीने लिहून घेतले.