कोरा नमुना

मराठीतला ‘बूच’ हा शब्द पोर्तुगीज ‘बुशा’वरून आला, वाटेत त्याचे झाड मात्र बदलले. पुण्याच्या रस्त्यांवर ज्याची पांढरी, सुगंधी फुले सकाळी वेचली जातात ते आपले बुचाचे झाड निराळे. वाइनच्या बाटलीचे बूच ज्याच्या सालीचे असते तो ओक पोर्तुगालच्या आलेंतेजू प्रांतात वाढतो. झाड सुमारे २५ वर्षांचे झाले की त्याची पहिली साल काढतात, पुढे दर नऊ वर्षांनी. आणि बाटलीच्या अखंड बुचाजोगी साल तिसऱ्या खेपेस मिळते. दर खेपेस खोडावर त्या वर्षाचा अखेरचा अंक रंगवून ठेवतात.

साहित्याच्या अध्यापनाकडे वळण्यापूर्वी आम्ही रसायनशास्त्राचे विद्यार्थी होतो. पोर्तुगालातील एका प्रयोगशाळेत या बुचांमधील शिसे, कॅडमियम अशी लेशमात्र मूलद्रव्ये मोजण्याचे काम काही महिने आमच्याकडे होते. वाइन आम्लधर्मी, तीत अल्कोहोल, आणि आडव्या ठेवलेल्या बाटलीत ती बुचाला टेकून वर्षानुवर्षे पडून राहते. सालीने मातीतून व हवेतल्या धुळीतून जे घेतले ते पेल्यात उतरते काय, असा प्रश्न होता.

बुचाचे तुकडे बंद भांड्यात नायट्रिक आम्लासह तापवून पूर्ण विरघळवायचे, ते द्रावण आयसीपी-एमएस यंत्रात सोडायचे. तेथे आरगॉन वायूच्या हजारो अंश तापलेल्या ज्योतीत अणू विद्युतभारित होतात आणि वस्तुमानानुसार वेगळे मोजले जातात. अब्जांशाच्या पातळीवरचे शिसेही त्यातून सुटत नाही. आमच्या पहिल्याच फेरीत शिसे निघाले. खोटे कशाला बोला, आम्हाला आनंद झाला. काही सापडले की संशोधन झाल्यासारखे वाटते.

मार्गदर्शक बाईंनी आकडे पाहिले आणि एवढेच विचारले, “ब्लँक कुठे आहे?” ब्लँक म्हणजे कोरा नमुना : तेच आम्ल, तेच भांडे, तोच ताप, फक्त बूच नाही. आम्ही तो केलाच नव्हता. केला तेव्हा त्यातही जवळजवळ तेवढेच शिसे आढळले. ते बुचाचे नव्हते. नीट न धुतलेल्या आमच्या भांड्यांचे होते. भांडी रात्रभर विरल आम्लात बुडवून पुन्हा मोजणी केली. आता ‘शिसे नाही’ असे लिहायला आम्ही निघालो, तर बाईंनी तेही खोडले. ‘शोधमर्यादेच्या खाली’ असे लिहा, म्हणाल्या. शिवाय बुचात किती आहे हा एक प्रश्न आणि त्यातून वाइनमध्ये किती उतरते हा दुसरा. त्यासाठी अखंड बूच पाणी व अल्कोहोल यांच्या मिश्रणात ठेवून ते मिश्रण वेगळे तपासावे लागते. एकाचे उत्तर दुसऱ्याच्या रकान्यात लिहून चालत नाही.

पुढे आम्ही ते क्षेत्र सोडले, आणि बाईंचा प्रश्नही सोडून आलो. काही वर्षांनी एका नवोदित कवीच्या पहिल्या संग्रहावर आम्ही परीक्षण लिहिले. त्याच्या पानापानावर आम्हाला एका ज्येष्ठ कवीची छाया दिसली आणि तसे आम्ही ठामपणे नोंदवले. कवीचे छोटे पत्र आले : त्या ज्येष्ठ कवीचे एकही पुस्तक त्याने वाचलेले नव्हते. त्या वर्षी आम्ही मात्र वर्गात तोच ज्येष्ठ कवी शिकवत होतो. दिवसरात्र त्याच्याच ओळी डोक्यात होत्या. छाया भांड्याची होती.

त्या कवीचा दुसरा संग्रह आला नाही. त्याचे कारण आमचे परीक्षणच, असे म्हणणे म्हणजे पुन्हा पुराव्यावाचून निष्कर्ष काढणे होय. पण तसे नव्हतेच, असेही आम्हाला म्हणता येत नाही. येथेही फार तर ‘शोधमर्यादेच्या खाली’ एवढेच लिहिता येईल, आणि त्या शब्दांनी समाधान होत नाही.

तेव्हापासून परीक्षणाला हात घालण्यापूर्वी आम्ही वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवतो : सध्या काय वाचतो आहोत, काय शिकवतो आहोत, कोणावर रुष्ट आहोत. ते पान छापायचे नसते. त्याला आम्ही अजून ब्लँकच म्हणतो.