मौन उभी राहिलेली तीन भावंडे

शाळेच्या पटांगणात राष्ट्रगीत सुरू झाले की आम्ही मुलांबरोबर मोठ्या आनंदाने गातो. न गाणारे एखादे मूल दिसले, तर कोणाचीही नजर तिकडे वळेल. म्हणूनच केरळातील त्या तीन भावंडांचा खटला आम्हांस मननीय वाटतो.

ही मुले 'यहोवाचे साक्षीदार' या पंथाची. राष्ट्रगीताच्या वेळी ती आदराने उभी राहत. परंतु श्रद्धेच्या आड येते म्हणून गात नसत. १९८५ च्या जुलैत त्यांना शाळेतून काढण्यात आले. उच्च न्यायालयात दाद लागली नाही. अखेर ११ ऑगस्ट १९८६ रोजी सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी व न्यायमूर्ती दत्त यांनी निर्णय दिला : राष्ट्रगीत गायिलेच पाहिजे असे सांगणारा कायदा नाही; आदराने उभे राहणे हा अवमान नव्हे; मुलांस शाळेत परत घ्यावे.

त्या पंथाची शिकवण आमची नव्हे. पण ती आपणांस पटते काय, हे न्यायालयाने पाहिले नाही. ती मनोभावे पाळली जाते काय, एवढेच पाहिले. सारे मर्म येथेच आहे. घटनेचा २५ वा अनुच्छेद बहुसंख्यांचा आहे, तसाच एकट्यादुकट्या कुटुंबाचाही. आपणही या देशात थोडेच आहोत. शेजाऱ्याच्या सदसद्विवेकबुद्धीचे दार आज मोडू दिले, तर उद्या आपल्या दाराची कडी कशी टिकेल?

वाचकहो, राष्ट्रगीत आपण अवश्य गावे, मुलांकडून शुद्ध म्हणवून घ्यावे. मात्र शेजारी कोणी मौन उभा असेल, तर त्याच्याकडे बोट दाखवू नये.