इन्कॉग्निटो

सेमिनरीत लॅटिन शिकताना ‘इन्कॉग्नितुस’ म्हणजे ‘अज्ञात’, एवढाच अर्थ मी पाठ केला होता. हाच शब्द इटालियनमार्गे ‘इन्कॉग्निटो’ होऊन इंग्रजीत आला. रशियाचा झार पीटर १६९७ साली प्योत्र मिखाइलोव या नावाने हॉलंडला गेला व तेथे जहाजबांधणी शिकला. त्याला ओळखणारे होतेच. पण दरबारी मानपान टळले आणि हातांना काम मिळाले.

आज संगणकावरही ‘इन्कॉग्निटो’ खिडकी असते. धर्मग्रामातील एक तरुण म्हणाला, “फादर, इथे कोणालाच काही कळत नाही.” हा समज खरा नव्हे. नोंद त्या यंत्रावर उरत नाही, इतकेच. इंटरनेट पुरवणाऱ्याला ती दिसू शकते.

मला मात्र आठवले ते एक बिननावाचे पाकीट. त्यात एका मुलीच्या फीचे पैसे होते. चिठ्ठीवरील अक्षर मी ओळखले. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या एका मावशींचे ते होते. रविवारी वेदीवरून त्यांचे नाव घेण्याचा मोह झाला, घेतले नाही. पुढे मावशी वारल्या. अंत्यविधीला ती मुलगी माझ्या शेजारीच उभी होती. तेव्हाही मी गप्प राहिलो. मावशींनी झाकलेले उघडण्याचा अधिकार मला नव्हता. पण त्या मुलीने मानायचे आभार अजून माझ्यापाशीच पडून आहेत.