गोळीतला धातू आणि मनातली भीती

रुग्णांचे प्रश्न काळाबरोबर बदलतात. मी व्यवसाय सुरू केला तेव्हा "डॉक्टर, ही गोळी उष्ण तर पडणार नाही ना?" हा ठरलेला प्रश्न असे. पुढे "सवय लागेल का?" आणि "किडनीला त्रास होईल का?" हे प्रश्न आले. अलीकडे मोबाइलवर फिरणाऱ्या मजकुरामुळे आणखी एक प्रश्न कानी पडतो : "गोळ्यांमध्ये धातू असतो म्हणे आणि तो शरीरात साठत जातो. खरे का?" विचारणारे बहुधा सत्तरी ओलांडलेले असतात. शेजारी मुलगा किंवा सून उत्तराची वाट पाहत बसलेली असते.

हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये, असे माझे मत आहे. त्यात सत्याचा अंश आहे, आणि अर्धे सत्य पूर्ण असत्यापेक्षा लवकर पटते.

शेवगाव तालुक्यातील एका निवृत्त शिक्षकांना त्यांच्या सूनबाई घेऊन आल्या, कारण डोके जड वाटत होते. रक्तदाब मोजला, तो १८६/१०४ भरला. लोसार्टन ही रक्तदाबाची गोळी ते कित्येक वर्षे नियमित घेत होते. ती त्यांनी तीन आठवड्यांपासून बंद केली होती.

"गुरुजी, गोळी का सोडलीत?"

"डॉक्टरसाहेब, तिच्यात पॅलेडियम नावाचा धातू असतो. मी आयुष्यभर विज्ञान शिकवले. धातू पचत नाही, एवढे मला कळते."

मी त्यांची औषधांची पिशवी टेबलावर रिकामी केली. तीत गुडघेदुखीसाठी दुकानातून स्वतःहून आणलेली आयबुप्रोफेनची पाकिटे होती; ती गोळी ते दिवसातून दोनदा घेत होते. जिची भीती बाळगायला हवी ती गोळी चालू होती आणि जी आधार देत होती ती बंद होती. या एका पिशवीमुळे मला हा लेख लिहावासा वाटला, कारण पॅलेडियमचा संबंध या दोन्ही औषधांशी आहे.

पॅलेडियम हा चांदीसारखा दिसणारा मौल्यवान धातू. विल्यम वॉलस्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८०२ मध्ये तो शोधला. औषधांच्या कारखान्यात त्याचे काम उत्प्रेरकाचे, म्हणजे आपल्याकडील लग्न जुळवणाऱ्या मध्यस्थाचे. मध्यस्थ दोन घरांना एकत्र आणतो, बोलणी पुढे नेतो, सोयरीक ठरली की बाजूला होतो आणि दुसऱ्या स्थळाच्या कामाला लागतो. संसारात त्याचा वाटा नसतो. पॅलेडियमही दोन रेणूंना आपल्या पृष्ठभागावर जवळ आणते, त्यांचा बंध जुळवते आणि स्वतः मोकळे होऊन पुढच्या जोडीकडे वळते. कार्बनचे दोन अणू असे हव्या त्या ठिकाणी जोडण्याची कला ज्यांनी विकसित केली, त्या रिचर्ड हेक, एइइची नेगिशी आणि अकिरा सुझुकी यांना २०१० चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

लोसार्टनच्या रेणूत दोन षट्कोनी कड्या एकमेकींना जोडलेल्या असतात. मर्क कंपनीच्या शास्त्रज्ञांनी १९९४ मध्ये या औषधाची जी निर्मितीपद्धत प्रसिद्ध केली, तीत या कड्या सुझुकींच्या पद्धतीने, पॅलेडियमच्या मध्यस्थीने जुळवल्या होत्या. आयबुप्रोफेनची कथा याहून बोलकी आहे. इंग्लंडमधील बूट्स कंपनीने १९६१ मध्ये या औषधाचे पेटंट घेतले. जुनी पद्धत सहा टप्प्यांची होती. तीत वापरलेल्या कच्च्या द्रव्यांपैकी सुमारे ४० टक्केच औषधात उतरत. उरलेले वाया जाई. १९९२ मध्ये अमेरिकेत टेक्सास राज्यातील बिशप येथे तीन टप्प्यांची पद्धत सुरू झाली. तिचा शेवटचा टप्पा पॅलेडियमवर चालतो आणि उपयोगी पडणाऱ्या द्रव्याचे प्रमाण ७७ टक्क्यांच्या आसपास गेले. प्रत्येक कारखान्याची पद्धत सारखी नसते. त्यामुळे तुमच्या पाकिटातील गोळी नेमकी याच वाटेने आली, असे मी म्हणणार नाही. मात्र आजच्या औषधनिर्मितीत हा धातू जागोजागी राबतो, हे खरे.

आपल्या जवळही हे काम झाले आहे. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, म्हणजे एनसीएल, १९५० मध्ये सुरू झाली. तेथे डॉ. रघुनाथ चौधरी यांच्या गटाने पॅलेडियमच्या साह्याने कार्बन मोनॉक्साइड जोडून आयबुप्रोफेन मिळवण्याच्या अभिक्रियांवर संशोधन केले. मुंबईच्या माटुंग्यातील रसायन तंत्रज्ञान संस्थेत, जिला जुनी मंडळी यूडीसीटी म्हणून ओळखतात, प्रा. भालचंद्र भानगे यांच्या गटाने पॅलेडियमच्या नॅनोकणांवर काम केले आहे.

‘नॅनो’ हा शब्द ऐकला की ज्येष्ठांच्या मनात आणखी एक धास्ती उभी राहते. खडीसाखरेचा खडा पाण्यात सावकाश विरघळतो, पिठीसाखर चटकन विरघळते. कारण बारीक केल्यावर पाण्याला भिडणारा पृष्ठभाग वाढतो. पॅलेडियमचा एक सेंटीमीटर बाजूचा ठोकळा घेतला, तर त्याचे वजन १२ ग्रॅम, म्हणजे तोळ्याहून किंचित जास्त भरेल आणि त्याचा पृष्ठभाग अवघा ६ चौरस सेंटीमीटर असेल. त्याच ठोकळ्याचे १० नॅनोमीटर बाजूचे कण केले, तर एकूण पृष्ठभाग ६०० चौरस मीटर होतो, म्हणजे जवळजवळ सहा गुंठे! धातू तेवढाच राहतो, पण मध्यस्थीची जागा दहा लाख पटींनी वाढते. म्हणून हा महागडा धातू फार थोडा वापरून काम भागते.

हे कण सुटे ठेवले तर एकमेकांना चिकटून त्यांचे गोळे होतात. म्हणून ते कोळशाच्या भुकटीवर, सिलिकावर किंवा अन्य आधारावर बसवतात. काम झाले की आधारासकट ते गाळून काढता येतात आणि पुन्हा वापरता येतात. काही संशोधकांनी त्यांना चुंबकाला ओढला जाणारा आधार दिला आहे, म्हणजे चुंबक लावला की उत्प्रेरक वेगळा होतो. पॅलेडियम इतके महाग आहे की ते वाया जाऊ देणे कारखानदारालाच परवडत नाही.

"पण थोडे तरी मागे राहतच असेल?" हा गुरुजींचा पुढचा प्रश्न रास्त होता. हो, राहू शकते. अभिक्रिया चालू असताना काही अणू आधारापासून सुटून द्रवात उतरतात. ते काढण्यासाठी पुढे शुद्धीकरण असते. नगर जिल्ह्यातल्या माणसाला ते समजावण्यासाठी साखर कारखान्यापेक्षा चांगले उदाहरण नाही. उसाच्या रसात चुना घालतात. मळ खाली बसतो आणि चुन्यासकट प्रेसमड होऊन बाहेर जातो. नंतर रस आटवून साखरेचे दाणे धरतात आणि बाकीचे मळीत उरते. साखर करताना चुना लागतो, म्हणून आपण चहातून चुना पीत नाही. औषधाचेही तसेच : गाळणे, सक्रिय कोळशाने शोषून घेणे, स्फटिक करणे आणि शेवटी यंत्रावर अवशेष मोजणे.

किती अवशेष चालतो, याची मर्यादा ठरलेली आहे. आयसीएच या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार तोंडाने घ्यायच्या औषधांतून दिवसाला १०० मायक्रोग्रॅमपर्यंत पॅलेडियम स्वीकारार्ह मानले जाते. म्हणजे एका मिलिग्रॅमचा दहावा भाग. मिठाच्या एकदोन बारीक कणांएवढा. आयुष्यभर रोज घेतले तरी अपाय होऊ नये, असा हिशेब करून ती मर्यादा आखली आहे. शिरेतून द्यायच्या औषधांसाठी ती याच्या दहापट कडक आहे.

मग निर्मितीत कधीच दोष राहत नाही का? राहतो. २०१८ मध्ये लोसार्टनच्याच कुळातील व्हॅल्सार्टनच्या काही साठ्यांत एनडीएमए हे कर्करोगाचा धोका वाढवू शकणारे द्रव्य आढळले आणि अनेक देशांनी ते साठे परत मागवले. दोष धातूचा नव्हता. निर्मितीची पद्धत बदलताना हे नको असलेले द्रव्य तयार होऊ लागले होते. त्या वेळी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने रुग्णांना जे सांगितले ते लक्षात ठेवण्याजोगे आहे : पर्यायी औषध हाती येईपर्यंत चालू गोळी थांबवू नका. त्यांचा अंदाज असा होता की ८,००० लोकांनी सर्वांत मोठ्या मात्रेची ती दूषित गोळी चार वर्षे रोज घेतली, तर त्या सर्वांच्या आयुष्यात मिळून कर्करोगाचा एक रुग्ण वाढेल. अचानक सुटलेल्या रक्तदाबाने होणारा पक्षाघात त्या मानाने कितीतरी जवळचा धोका आहे.

आता पिशवीतील खऱ्या धोक्याकडे वळतो. आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामकांनी रक्तदाब वाढतो, जठरात व्रण होऊ शकतो आणि मूत्रपिंडाकडे जाणारा रक्तपुरवठा कमी होतो. लोसार्टन आणि लघवी वाढवणारी गोळी चालू असताना त्यांत हे वेदनाशामक मिसळले, तर वृद्धांचे मूत्रपिंड थोड्या दिवसांत निकामी होऊ शकते. उलट्या-जुलाबांनी किंवा उन्हाळ्याने शरीरातील पाणी कमी झालेले असेल तर धोका अधिकच. या तिन्ही गोळ्यांत पॅलेडियमचा कणही नसला, तरी हा धोका तेवढाच राहील.

आणखी एक विसंगती मला अस्वस्थ करते. धातूच्या भीतीने गोळी सोडणारी माणसे सांधेदुखीवरची बिनलेबलची पुडी मात्र निर्धास्तपणे घेतात. गोळीतील पॅलेडियम मोजलेले असते. त्या पुडीत शिसे, पारा किंवा गुपचूप मिसळलेले स्टेरॉइड आहे का, हे कोणीच मोजलेले नसते.

ज्येष्ठांना आणि त्यांची काळजी घेणाऱ्यांना म्हणून माझी एवढीच विनंती आहे. घरातील सर्व औषधे, पुड्या आणि काढ्यांसकट, तीन महिन्यांतून एकदा एका पिशवीत घालून आपल्या डॉक्टरांना दाखवा. रक्तदाबाची गोळी कोणताही मजकूर वाचून स्वतः बंद करू नका. शंका आली तर आधी विचारा. उलट्या-जुलाब सुरू झाले तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा, कारण अशा वेळी काही गोळ्या तात्पुरत्या थांबवाव्या लागतात आणि तो निर्णय त्यांनी घ्यायचा असतो. वेदनाशामक विचारल्याशिवाय घेऊ नका. लघवी कमी झाली, पायांवर सूज आली किंवा शौच काळे होऊ लागले तर थांबू नका. औषध पक्क्या बिलावर घ्या आणि पाकिटावरील बॅच क्रमांक दिसेल असे ठेवा. एखादा साठा परत मागवला गेला, तर आपली गोळी त्यातली आहे का, हे त्या क्रमांकावरूनच कळते.