न दिसणारीं आसवें

आमच्या वाङ्मयांत आसवांना तोटा नाहीं. कन्या सासरीं निघाली, पुत्र परदेशीं गेला, कीं नेत्र भरून आलेच. परंतु गालावर न ओघळणारें, आणि म्हणूनच कोणाच्या ध्यानींमनीं नसणारें, असेंहि एक पाणी डोळ्यांत अखंड असतें. त्याचें माहात्म्य आम्हांस एका मुक्या जनावरामुळें कळलें.

आमच्या घरीं मोती नांवाचा बीगल जातीचा कुत्रा आहे. तो आठ महिन्यांचा असतांना एके सकाळीं त्याच्या डाव्या डोळ्याच्या आंतल्या कोपऱ्यांत वाटाण्याएवढा लाल गोळा दिसूं लागला. मुलें घाबरलीं, मातुश्रींनीं दृष्ट काढली. शेजारच्या अण्णांनीं मात्र धीर दिला : "अहो, त्यांत काय! आमच्या राजालाहि असेंच झालें होतें. गोळा कापून टाकला, कीं डोळा स्वच्छ!"

पशुवैद्यांनीं हा सल्ला ऐकून मान हलविली. त्यांनीं सांगितलें तें असें : कुत्र्याला वरच्या व खालच्या पापणीखेरीज एक तिसरी पापणी असते, आणि तिच्या मुळाशीं एक अश्रुग्रंथि असते. डोळ्याचें सुमारें एक तृतीयांश ते निम्में पाणी हीच ग्रंथि पुरविते. तिला जागीं धरणारे बंध सैल असले कीं ती बाहेर डोकावते. तो लाल गोळा म्हणजे फाजील गांठ नव्हे. जागा सोडलेला कामाचा अवयव आहे. पूर्वीं तो सर्रास कापून टाकीत. वरच्या पापणीमागची मोठी ग्रंथि कांहीं काळ ती तूट भरून काढते. पण तिचें बळ कमी पडलें म्हणजे, कधीं कधीं कित्येक वर्षांनीं, डोळा कोरडा पडूं लागतो. बुबुळावरील पारदर्शक पडद्यांत रक्तवाहिन्या नसतात. त्याचें पोषण व रक्षण बरेंचसें या पाण्यावर अवलंबून. तें आटलें कीं चिकट घाण सांचते, व्रण पडतात, पडद्यावर तपकिरी डाग चढतो, आणि अखेर दृष्टीहि जाऊं शकते.

मोतीची ग्रंथि कापली नाहीं. पापणीच्या अस्तरांत खिसा करून ती आंत बसविली व बारीक टांके घातले. असे टांके कधीं सुटतात, ग्रंथि पुन्हां वर येते, हेंहि आम्हांस आधींच बजावलें होतें. दोन महिन्यांनीं तपासणी झाली. खालच्या पापणींत टीपकागदाची पट्टी मिनिटभर ठेवून ती किती भिजते हें पाहतात. ही कसोटी शिर्मर नामक जर्मन वैद्यांनीं १९०३ सालीं माणसांसाठीं सांगितली होती. कुत्र्याची पट्टी १५ मिलिमीटर भिजली तरी पुरे. मोतीची १९ भिजली. कागदावरच्या त्या ओलीकडे पाहून आम्हांस जो आनंद झाला, तो कोणतेंहि करुण काव्य वाचून झालेला नाहीं.

अण्णांचा राजा आतां नऊ वर्षांचा आहे. त्याचे डोळे कोरडे पडले आहेत. त्या जुन्या शस्त्रक्रियेशीं याचा कांहीं संबंध असेल, हें अण्णांच्या मनांत कधीं आलें नाहीं, आणि तें सांगण्याचें धैर्य आम्हांस झालेलें नाहीं. सांगून आतां राजाला काय लाभ? दिवसांतून चार वेळां ते त्याला मांडीशीं घेऊन बसतात. निसर्ग जें पाणी फुकट देत होता, तें बाटलींतून थेंब थेंब मोजून घालतांना त्यांचा हात किती जपून चालतो, हें आम्ही पाहतों आणि गप्प राहतों.