आजी कुणाची?

भयानक रस आम्ही दरवर्षी शिकवतो. भरतमुनींपासून प्रारंभ करतो, भय हा त्याचा स्थायिभाव असे फळ्यावर लिहितो आणि उदाहरणे संस्कृत नाटकांतून देतो. ज्यांनी मराठी वाचकाला खरोखरच रात्री दिवा लावून झोपायला लावले, ते नारायण धारप (१९२५-२००८) मात्र आमच्या वाट्याला आलेल्या प्रश्नपत्रिकांत कधी भेटले नाहीत. ते भेटले वाचनालयात. पुठ्ठे सुटलेली, शिक्क्यांनी शेवटचे पान भरून गेलेली ती पुस्तके आमच्या पिढीने शाळकरी वयात अधाशासारखी वाचली. पुढे एम. ए.च्या वर्गात त्यांचे नाव काढणेदेखील अप्रशस्त वाटावे, असे वातावरण होते.

'तुंबाड' हा चित्रपट २०१८ साली आला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा प्रदर्शित झाला. त्या सुमारास एका विद्यार्थिनीने आम्हाला विचारले, "यातली आजी धारपांची म्हणतात, आणि धारपांची आजी स्टीफन किंगची. मग धारपांचे स्वतःचे काय उरले?" प्रश्न खोचक होता, पण टाळण्याजोगा नव्हता.

किंगच्या 'ग्रॅमा' या कथेत भावाचा पाय मोडल्यामुळे आई इस्पितळात जाते आणि एक मुलगा अंथरुणाला खिळलेल्या आजीसोबत घरात एकटा उरतो. धारपांची 'आजी' हे तिचे मराठी रूपांतर. दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनी ती प्रथम वाचली नाही, ऐकली. १९९३ साली नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्राने ती त्यांना सांगितली. पुढे छापील कथा हाती आली, तेव्हा ऐकलेली कथाच अधिक भयंकर होती, असे त्यांना जाणवले. चित्रपटाचे नाव त्यांनी श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'वरून घेतले.

मूळ प्रसंग चित्रपटात अजून ओळखू येतो: झाडावरून पडलेला धाकटा भाऊ, त्याला घेऊन गेलेली आई, आणि साखळदंडाने बांधलेल्या म्हातारीपाशी उरलेला विनायक. परंतु किंगच्या मुलाला त्या घरातून सुटायचे असते. विनायक मोठा झाल्यावर आपल्या पायांनी त्याच वाड्यात परत येतो, कारण म्हातारीला खजिन्याचे ठिकाण ठाऊक आहे. भीतीच्या जागी लोभ आला आणि कथेचा अर्थच पालटला. १९१८ ते १९४७ या काळातला कोकणचा पाऊस, पडका वाडा, सोन्याच्या मुद्रा आणि बापाकडून मुलाकडे जाणारी हाव हे काही अमेरिकेतून आलेले नाही.

मग धारपांचे काय उरले? आमचे उत्तर असे: ती आजी मराठी घरात त्यांनी आणली. मराठीत ती नसती, तर जंगलात कोणी कोणाला काय सांगितले असते? आगरकरांनी 'हॅम्लेट'चे 'विकारविलसित' केले, देवलांनी 'ऑथेल्लो'चे 'झुंझारराव'. ही रूपांतरे आम्ही वाङ्मयेतिहासात आदराने शिकवतो. मग 'सालेम्स लॉट'वर बेतलेल्या 'लुचाई'चे नाव घेताना आवाज का खाली यावा? शेक्सपिअर उसना घेतला की संस्कार आणि किंग घेतला की उचलेगिरी, हा न्याय आम्हाला पटत नाही.

अर्थात त्या मुलीची शंका एवढ्याने फिटत नाही. रूपांतर असेल तर मूळ लेखकाचे नाव पुस्तकावर ठळक असलेच पाहिजे. त्यात वाचकाचा हक्क आहे आणि रूपांतरकाराचा मानही, कारण मूळ शेजारी ठेवल्यावरच त्याने काय बदलले ते कळते. म्हणून यंदा आम्ही रूपांतराच्या तासाला या दोन्ही कथा आणि चित्रपट एकत्र घेणार आहोत. अभ्यासक्रमात ते नाही. पण त्या विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्नही अभ्यासक्रमातला नव्हता, आणि त्या वर्षी वर्गात आलेला सर्वांत चांगला प्रश्न तोच होता.